शत्रू दिसतो, पायरी दिसत नाही

हिमगौरी आणि सात बुटके ही गोष्ट आपल्याकडे घरोघर माहीत आहे. हे बुटके सकाळी डोंगरात खनिजे खणायला जातात आणि संध्याकाळी परत येतात. युरोपातील इतर अनेक लोककथांत तर बुटक्यांची वस्तीच जमिनीखाली असते. ते कुशल लोहार असतात, सोन्यारत्नांचे मालक असतात आणि उजेडाशी त्यांचे फारसे पटत नाही. आइसलँडमध्ये तेराव्या शतकात लिहून ठेवलेल्या एका जुन्या काव्यात तर सूर्य उगवताच बुटक्याचा घात होतो. (उंचीने कमी असलेल्या खऱ्याखुऱ्या माणसांशी या कल्पित जमातीचा संबंध जोडू नये, हे वर्गात आवर्जून सांगावे.)

हे बुटके १९७४ साली एका नव्या खेळात आले. अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी तयार केलेल्या या खेळाचे नाव ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. यात पट आणि सोंगट्यांपेक्षा बोलण्याला महत्त्व असते. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येक जण एकेका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होतो आणि समोर काय दिसते ते सांगतो. पात्राने काही करायचे ठरवले की फासे टाकून ते साधले की नाही हे ठरते. कोणत्या पात्राला काय करता येते, ते नियमपुस्तकात दिलेले असते. बहुतेक साहसे घडतात ती भुयारांत आणि गुहांत, त्यामुळे अंधारात कोणाला किती दिसते हा प्रश्न या खेळात पहिल्यापासून महत्त्वाचा आहे.

खेळाच्या १९७८ सालच्या पुस्तकात बुटक्यांसाठी त्याचे उत्तर असे दिले आहे : त्यांना अवरक्त किरण दिसतात, तेही ६० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १८ मीटर. या शक्तीला ‘इन्फ्राव्हिजन’ असे नाव आहे.

कल्पनेतल्या प्राण्यांना भौतिकशास्त्राचे नियम कशाला लावायचे, असे कोणी म्हणेल. आमचे उत्तर सोपे आहे. ‘बुटक्यांना जादूने दिसते’ असे पुस्तकाने म्हटले असते तर आम्ही गप्प बसलो असतो. पण अवरक्त किरणांचे नाव पुस्तकानेच घेतले आहे. विज्ञानाचा शब्द उसना घेतला की त्याच्याबरोबर त्याचे परिणामही येतात. ते कुठवर जातात ते पाहू.

उष्णतेचा उजेड

प्रत्येक वस्तू आपल्या तापमानाप्रमाणे प्रारण सोडत असते. वीन यांच्या नियमानुसार २८९८ या संख्येला वस्तूच्या केल्व्हिनमधील तापमानाने भागले की सर्वांत तीव्र प्रारणाची तरंगलांबी मायक्रॉनमध्ये मिळते. आपल्या त्वचेचे तापमान सुमारे ३३ अंश सेल्सियस, म्हणजे ३०६ केल्व्हिन धरले, तर उत्तर येते साडेनऊ मायक्रॉन. आपल्याला दिसणारा प्रकाश ०.४ ते ०.७ मायक्रॉनचा असतो. म्हणजे बुटक्याला आपल्यापेक्षा पंधरावीस पट लांब तरंग पाहावे लागतील.

येथे मुलांचा एक गोंधळ दूर करता येतो. टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबून त्याचा पुढचा दिवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला, तर बऱ्याच कॅमेऱ्यांत तो चमकताना दिसतो. हेही अवरक्त किरणच, पण त्यांची तरंगलांबी एक मायक्रॉनहून थोडी कमी असते. तोच कॅमेरा अंधारात माणसाच्या अंगाची उष्णता दाखवू शकत नाही. ‘अवरक्त’ या एका शब्दात तरंगलांबीचा फार मोठा पट्टा सामावलेला आहे.

आता डोळा पाहू. आपला डोळा पाण्याने भरलेला आहे, आणि दहा मायक्रॉनच्या आसपासचे किरण पाण्याच्या मिलिमीटरच्या काही शतांश जाडीच्या थरातच शोषले जातात. ते दृष्टिपटलापर्यंत पोचणारच नाहीत. समजा, पोचले, तरी दुसरी अडचण आहे. बुटका उष्ण रक्ताचा असेल, तर त्याच्या डोळ्याच्या आतल्या भिंतीही त्याच तरंगलांबीवर ‘प्रकाशत’ असतील. आतून दिवा लावलेल्या कॅमेऱ्याने फोटो काढण्यासारखेच हे झाले.

मग निसर्गात उष्णता ‘पाहणारे’ कोणीच नाही काय? आहे, आणि आपल्या सह्याद्रीतच आहे. चापडा हा झाडाझुडपांत राहणारा विषारी साप. त्याच्या डोळा आणि नाकपुडी यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक खळगी असते. खळगीत एक अतिशय पातळ पडदा हवेत ताणून बसवल्यासारखा असतो. भक्ष्याच्या अंगातून आलेल्या प्रारणाने हा पडदा किंचित तापतो, आणि अंशाच्या काही सहस्रांश भागाइतका फरकही सापाला कळतो. या पडद्यातील चेतातंतूंवर उष्णता टिपणारे प्रथिन कोणते, हे २०१० मध्ये उजेडात आले. (घोणस आणि फुरसे यांना अशी खळगी नसते.) ध्यानात घेण्यासारखी गोष्ट ही की चापड्याचे हे इंद्रिय डोळ्यात नाही, डोळ्याच्या शेजारी आहे. खळगीचे तोंड मोठे असल्याने त्याला मिळणारी आकृती धूसर असते. उंदीर कुठे आहे हे कळते, त्याच्या मिशा दिसत नाहीत.

तेव्हा बुटक्याच्या कपाळावर दोन खळग्या दिल्या असत्या, तर पहिला आक्षेप मिटला असता. पण त्याहून मोठा आक्षेप अजून पुढेच आहे.

भट्टीचा धडा

चिनी मातीची भांडी भाजणाऱ्या भट्टीत झरोक्यातून डोकावले, तर एक विलक्षण गोष्ट दिसते. भट्टी सर्वत्र सारखी तापली की आतली भांडी जवळजवळ दिसेनाशी होतात. भांडेही तितकेच लाल, मागची भिंतही तितकीच लाल. मग कडा दिसणार कशी? एखादे भांडे कमी प्रारण सोडत असले, तर तेवढ्याच प्रमाणात ते भोवतालचे प्रारण परावर्तित करते आणि हिशेब जुळतो. बंद, समान तापमानाच्या पोकळीतील प्रारण वस्तूंवर अवलंबून नसते, हे किरखॉफ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले.

खोल गुहा ही अशीच एक थंड भट्टी आहे. तिथले तापमान वर्षभर जवळजवळ स्थिर असते, आणि भिंत, फरशी, पायऱ्या, खड्डा हे सर्व त्याच तापमानाला आलेले असते. गुहा १५ अंशांवर असेल तर प्रत्येक चौरस मीटर दगडातून सुमारे ३९० वॅट प्रारण बाहेर पडेल. शेजारच्या पायरीतूनही ३९० वॅटच. दोहोंच्या तापमानात अंशाच्या दहाव्या भागाचा फरक असला, तरी प्रारणातील फरक अर्धा वॅट. याउलट ३३ अंशांच्या उघड्या त्वचेतून चौरस मीटरमागे जवळजवळ ५०० वॅट निघतात. शत्रू ठळक उठून दिसेल. ज्या पायरीवर बुटका उभा आहे ती दिसणार नाही. दगडावर कोरलेली अक्षरे, भिंतीवरचा नकाशा, समोरचा खड्डा सगळे धुक्यासारखे एकसारखे. फार तर चकचकीत धातूच्या ढालीत त्याला स्वतःचा उबदार चेहरा दिसेल, आणि नुकताच हात टेकलेल्या जागी उबेचा ठसा दिसेल.

आणखी खाली गेलो तर गंमत वाढते. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. पृष्ठभागाचे सरासरी तापमान दहा अंश असलेल्या थंड मुलखात एक किलोमीटरभर खोलीवर, वाऱ्याने भिंती गार केल्या नाहीत तर, खडक त्वचेइतकाच गरम असेल. तिथे शत्रूही अदृश्य! कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी २००१ मध्ये बंद झाल्या. त्या तीन किलोमीटरहून अधिक खोल गेल्या होत्या आणि तळाशी खडकाचे तापमान ६० अंशांच्या वर होते. तिथे आपल्या बुटक्याला माणसे तेजस्वी भिंतीवरच्या काळ्या सावल्यांसारखी दिसली असती.

या नियमावर आमची मुख्य टीका हीच आहे. इन्फ्राव्हिजन बुटक्याला परका प्राणी दाखवते आणि त्याचे स्वतःचे घर लपवते. हा नियम गुहेत राहणाऱ्याच्या बाजूने विचार करून केलेला नाही. गुहेत शिरून लढणाऱ्याला काय हवे असेल, एवढेच त्यात पाहिले आहे.

नियम बदलला, प्रश्न संपला?

या अडचणी खेळणाऱ्यांच्याही ध्यानात आल्या. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीने दोन पर्याय ठेवले : इन्फ्राव्हिजन म्हणजे नुसते अंधारात दिसणे असे समजा, किंवा हवे असेल तर खरोखर उष्णता दिसते असे समजून त्याचे परिणामही स्वीकारा. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत अवरक्त किरण पार गेले आणि ‘डार्कव्हिजन’, म्हणजे अंधारदृष्टी आली. यात सगळे नेहमीसारखे दिसते, फक्त कृष्णधवल. २०१४ च्या आवृत्तीतही अंधारात करड्या छटाच दिसतात.

या बदलात एक चांगली गोष्ट आहे. मंद उजेडात आपल्या दृष्टिपटलातील दंडपेशी काम करतात आणि त्यांना रंग कळत नाहीत. पहाटेच्या अंधारात जास्वंद काळपट दिसते ती त्यामुळेच. कृष्णधवल दृष्टीची कल्पना या अनुभवाशी जुळते. पण दंडपेशींनाही थोडा तरी प्रकाश लागतोच. खोल गुहेत चांदण्याचा कणही नसतो. तिथे मांजर, घुबड आणि माणूस हे तिघेही सारखेच आंधळे.

सूत्रधाराचे काम नव्या नियमाने सोपे झाले, हे आम्हाला मान्य आहे. तरीही शिक्षक म्हणून आमचे मत जुन्या नियमाच्या बाजूने पडते. तो चुकीचा होता, पण त्याला प्रश्न विचारता येत होते. भिंत किती गरम, डोळा किती गरम, फरक किती, हे विचारत गेलो आणि वीन, किरखॉफ, चापडा आणि कोलार एवढे सगळे आपल्या हाती लागले. अंधारदृष्टीला काय विचारणार? ‘दिसते’ एवढेच तिचे म्हणणे आहे. जे विधान कधी चूक ठरूच शकत नाही, त्यातून शिकण्यासारखे फारसे निघत नाही.

दगडाची जाण

बुटक्यांच्या वर्णनातील सर्वांत चांगला भाग मात्र डोळ्यांविषयी नाही. १९७४ च्या पहिल्या पुस्तकातच म्हटले आहे की जमिनीखाली उतरता जाणारा मार्ग, सापळे, सरकणाऱ्या भिंती आणि नवे बांधकाम हे बुटक्यांच्या ध्यानात येते. १९८९ च्या आवृत्तीप्रमाणे सहा बाजूंच्या फाशावर १ ते ५ पडले तर बुटक्याला चढउतार कळतो, आणि १ ते ३ पडले तर आपण किती खोल आहोत याचा अंदाज येतो.

हे सर्व जादूविना शक्य आहे. उतार आपल्याला आतल्या कानातील तोलाच्या इंद्रियाने आणि पायांच्या स्नायूंनी कळतो. खोलीच्या दोन खुणा आहेत : शंभर मीटर खाली गेले की खडक अडीचतीन अंशांनी गरम होतो, आणि हवेचा दाब सुमारे एक शतांशाने वाढतो; घाटातून उतरताना कानात दडा बसतो तसा. नवे खोदकाम ओळखायला छिन्नीचे ताजे घाव आणि न मळलेला दगड पुरे. हातोडीच्या आवाजावरून दगडातली चीर ओळखणारा पाथरवट आपण पाहिला असेल. खाणीत छताला पहार ठोकून आवाज ऐकतात. खणखणीत नाद आला तर छत पक्के, बद्द आवाज आला तर तिथून दूर व्हायचे. बुटक्यांची ‘दगडाची जाण’ म्हणजे खऱ्या खाणकामगारांचे कौशल्यच आहे.

प्राणिसृष्टीही याच बाजूने साक्ष देते. मेक्सिकोतील गुहेत राहणाऱ्या आंधळ्या माशांचे डोळे गेले आणि पाण्याची हालचाल टिपणारी इंद्रिये वाढली. डोळे आणि त्यांना लागणारा मेंदूचा भाग यांचा ऊर्जाखर्च मोठा असतो. अंधारात तो परवडत नाही. पश्चिम आशियातील आंधळ्या बिळउंदराचे डोळे कातडीखाली झाकलेले असतात. तो बिळाच्या छतावर डोके आपटून दुसऱ्या उंदराला कंपनांतून निरोप देतो.

२०२४ साली या खेळाचे पुस्तक पुन्हा नव्याने निघाले. त्यात बुटका दगडावर उभा असेल किंवा दगडाला स्पर्श करत असेल, तर थोडा वेळ ६० फुटांपर्यंतची कंपने जाणू शकतो. म्हणजे पन्नास वर्षांनी खेळ बिळउंदरापाशी येऊन पोचला! अंधारदृष्टी त्यांनी सोडली नाही, उलट तिचा पल्ला १२० फूट केला, ही गोष्ट वेगळी.

हवा आणि भाकरी

राहता राहिला आमचा शेवटचा आक्षेप. जमिनीखाली राहणाऱ्याची पहिली अडचण अंधार नसतेच. दिवा लावला की अंधार जातो. पण दिवा जळायला हवा लागते.

फळ्यावर करून पाहावे असे एक गणित देतो. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि चार मीटर उंच दालन घ्या. त्यात ४०० घनमीटर हवा मावते. हलके काम करणारा प्रौढ माणूस तासाला सुमारे २० लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. बुटक्याचेही तेवढेच धरू. वीस बुटक्यांचे तासाला ४०० लिटर, म्हणजे दालनातील हवेच्या ०.१ टक्का. दालन बंद असेल तर तीस तासांत प्रमाण ३ टक्के होईल. डोके दुखू लागेल, धाप लागेल. आता लोहाराची भट्टी पेटवा. एक किलो लोणारी कोळसा पूर्ण जळला तर सुमारे पावणेदोन घनमीटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दहा किलो जाळला, की प्रमाण ४ टक्क्यांच्या वर. वीस जणांच्या पावणेदोन दिवसांच्या श्वासाइतका वायू एका लोहाराने सोडला! शिवाय अर्धवट ज्वलनातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वेगळाच. बुटक्यांच्या वस्तीला बाहेरच्या राक्षसापेक्षा घरच्या लोहाराचे भय जास्त.

हे जुन्या खाणवाल्यांना पक्के माहीत होते. गेऑर्ग आग्रिकोला यांच्या १५५६ साली निघालेल्या खाणशास्त्रावरील ग्रंथात हवा खेळती ठेवणारे पंखे आणि भाते यांची चित्रांसह वर्णने आहेत. तुर्कस्तानातील डेरिनकुयू हे जमिनीखालचे शहर सुमारे ८५ मीटर खोल आहे, आणि ते वापरता आले ते वरपर्यंत काढलेल्या हवेच्या उभ्या बोगद्यांमुळे. झारखंडमधील चासनाला येथे १९७५ मध्ये स्फोट होऊन खाणीत पाणी घुसले आणि पावणेचारशेच्या आसपास कामगार मृत्युमुखी पडले. खाणीतली माणसे अशी पाण्याने, वायूने आणि ढासळणाऱ्या छताने मरतात.

अन्नाचे काय? बुटके अळंबी पिकवून खातात, असे खेळणारे बहुधा सांगतात. ताज्या ढिंगरी अळंबीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३० किलोकॅलरी असतात. दिवसाच्या २४०० किलोकॅलरींसाठी आठ किलो अळंबी खावी लागेल! आणि एक किलो वाळलेल्या पेंढ्यावर फार तर तेवढीच ताजी अळंबी निघते. म्हणजे वीस बुटक्यांना रोज १६० किलो पेंढा हवा. पेंढा उन्हात वाढतो. अळंबी अन्न तयार करत नाही, दुसऱ्याने तयार केलेले वापरते. सूर्याविना जगणारी वस्ती नाहीच असे नाही. रुमानियात १९८६ मध्ये सापडलेल्या मोविले गुहेत गंधकयुक्त वायू आणि मिथेन यांवर जगणारे जीवाणू आणि त्यांवर जगणारे लहान प्राणी आहेत. पण त्या पुंजीवर लोहारांचे राज्य उभे राहणार नाही.

याच खेळाच्या प्रकाशकांनी १९८६ मध्ये भूगर्भातील प्रवास, खाणकाम आणि धोके यांवर एक स्वतंत्र पुस्तक काढले होते, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण बुटक्याची ओळख होते ती मुख्य पुस्तकात. तिथे त्याला किती फुटांवर दिसते याचा आकडा आहे. त्याच्या डोक्यावर गवत कापणारा, पेंढा वाहणारा, हवेच्या बोगद्यातील दरड काढणारा कोणी असेल, त्याचा पत्ता नाही. आपल्या घरातल्या विजेमागचा कोळसा कोण काढतो, हे आपल्याला दिसत नाही, तसेच काहीसे हे आहे.

म्हणून असा खेळ मुलांच्या हाती दिसला तर तो बाजूला ठेवा असे आम्ही म्हणणार नाही. उलट नियमपुस्तक वर्गात मागवा आणि तीनच प्रश्न विचारा : उजेड कुठून येतो, हवा कुठून येते, भाकरी कुठून येते? मग मुलांनाच बुटक्यांच्या गावाचा नकाशा काढू द्या. त्यात हवेचे बोगदे दिसले, लोहाराची भट्टी बोगद्याच्या तोंडाशी आली आणि वरच्या शेतकऱ्याशी व्यवहाराची वाट निघाली, तर मुलांना भूगर्भ समजला म्हणायचे. आणि एखाद्याने पायऱ्यांच्या कडेला हाताने चाचपता येईल अशी खाच कोरली, तर त्याला पैकीच्या पैकी गुण द्यावेत. त्याने शत्रूच्या आधी घराचा विचार केलेला असेल.